रेबीजच्या घोड्याच्या सीरमची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर सीरम टाळायचं का?

नाही, टाळायचं नाही. भावाच्या पोटरीला कुत्रा खोल चावला, लगेच लस सुरू झाली, पण कातडीवरच्या टेस्टला गांध आली म्हणून सीरम थांबवलंय आणि आज दुसरा दिवस आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी तुमच्या जागी असतो तर आजच डॉक्टरांशी पुन्हा बोललो असतो. लसीची प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी प्रथिनं) तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. तोवर जखमेतल्या विषाणूला रोखायचं काम सीरमच करतं, कारण त्यात घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं असतात. पहिल्या लसीनंतर ७ दिवसांपर्यंत ते देता येतं, पण तेवढं थांबायला कारण नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

आता टेस्टबद्दल. सीरम १:१० पातळ करून ०.१ मिली कातडीत टोचतात, दुसऱ्या हातावर नुसतं सलाईन टोचतात आणि १५-२० मिनिटांनी गांधीची रुंदी मोजतात. १० मिमी किंवा जास्त भरली तर पॉझिटिव्ह. सलाईनच्या जागीही तशीच गांध उठली असेल, तर त्या निकालाला काही अर्थ नाही, हे आधी विचारून घ्या. आधी अ‍ॅलर्जीची गोळी घेतली असेल तर उलटं होतं, टेस्ट खोटी निगेटिव्ह येते.

खरी अडचण याहून मोठी आहे. या सीरमच्या बहुतेक रिअ‍ॅक्शन रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जागी झाल्यामुळे येतात. कातडीवरची टेस्ट शोधते ती आयजीई नावाच्या प्रतिपिंडांची अ‍ॅलर्जी. म्हणून टेस्ट निगेटिव्ह असलेल्या माणसाला रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि पॉझिटिव्ह असलेल्याला काहीच होत नाही, असंही घडतं. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना ही टेस्ट करायला सांगत नाही. औषधाच्या कागदावर मात्र काही ठिकाणी ती अजून छापलेली असते, म्हणून डॉक्टर करतात. त्यात त्यांची चूक नाही.

आजचं सीरम पूर्वीसारखं कच्चं नसतं. पेप्सिन या एन्झाइमने प्रतिपिंडाचा शेपटाकडचा भाग तोडून टाकतात, त्यामुळे त्रास बराच कमी झालाय. गंभीर अ‍ॅनाफायलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र रिअ‍ॅक्शन) साधारण दीड लाखात एकाला होतो. तरी तयारी पूर्ण हवी: अ‍ॅड्रिनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरलेलं (प्रौढाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत), ऑक्सिजन आणि सलाईन हाताशी, आणि इंजेक्शननंतर किमान तासभर नजरेखाली. भाऊ ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर घेत असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, कारण अशा माणसावर अ‍ॅड्रिनॅलिनचा असर कमी पडू शकतो.

मात्रा किलोमागे ४० युनिट. ६० किलोच्या माणसाला २४०० युनिट लागतात. बाटलीत मिलीला ३०० युनिट असतील तर ८ मिली, २०० असतील तर १२ मिली. हा आकडा कमाल मर्यादेचा आहे. जखमेत आणि तिच्या भोवती जेवढं मावेल तेवढं सगळं तिथेच टोचायचं. जखमा अनेक असतील तर सलाईन मिसळून वाढवायचं. लसीच्या सिरिंजमध्ये किंवा लसीच्या जागी ते कधीच नको. उरलेलं दंडात किंवा कुल्ल्यात ढकलून फारसा उपयोग होत नाही.

पूर्वी घोड्याच्या सीरमने, उदाहरणार्थ सर्पदंशावरच्या, खरोखर जोरदार रिअ‍ॅक्शन आली असेल, तर मानवी इम्युनोग्लोब्युलिन (माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं, किलोमागे २० युनिट) किंवा मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं) मागा. मोनोक्लोनलची मात्रा वेगळी असते, कागद वाचूनच ठरवावी लागते. यातलं काहीच मिळालं नाही, तर वर सांगितलेल्या तयारीत घोड्याचंच द्यावं लागतं.

एक गोष्ट घरी लक्षात ठेवा. साधारण ७ ते १४ दिवसांनी ताप, सांधेदुखी, खाज सुटणारे चट्टे आले तर तो सीरम सिकनेस असू शकतो. कुठलीच टेस्ट त्याचा आधी अंदाज देत नाही. तो बहुधा औषधांनी बरा होतो, पण स्टिरॉइड स्वतःहून घेऊ नका, त्याने लसीचा परिणाम कमी होऊ शकतो. त्या दिवसांत लसीचा डोस आला तर तो चुकवू नका.