पुण्यातल्या पोलीस लाइनच्या इमारतींची देखभाल नेमकी कोण करतं? तपासणीचा अहवाल कसा मिळवायचा?

इमारत सरकारी मालकीची, वापर पोलीस खात्याचा आणि डागडुजी साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाची. नवीन वसाहती, ठाणी बहुतेक पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ बांधतं. घोळ होतो तो इथेच. छत गळलं की पोलीस खातं बांधकाम विभागाला पत्र लिहितं आणि तिथून उत्तर येतं, 'निधी नाही'. मग दरवर्षी नुसता रंग लागतो, पण स्लॅबखालच्या गंजलेल्या सळ्या तशाच राहतात.

शिवाजीनगर, स्वारगेटच्या लाइनीत कुटुंबं राहतात, लहान मुलं जिन्यात खेळतात. म्हणून रंगापेक्षा स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, आग्रह धरा. ३० वर्षांवरच्या इमारतींसाठी ते महापालिका कायद्यातच सांगितलं आहे.

अहवालासाठी बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. 'इमारत सुरक्षित आहे का?' असं विचारू नका, त्याला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. शेवटच्या ऑडिटची प्रत आणि तीन वर्षांचा दुरुस्ती खर्च इमारतवार मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.