घरट्यावरच्या बासला हात लावू नका

उत्तरेकडचं कॉटेज बुक झालं, की मे महिन्यापासून मला तेच ते प्रश्न येऊ लागतात. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात गळाने पकडल्या जाणाऱ्या स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल यंदा आलेल्यांपैकी पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : भारतातून आलेले बाबा 68 वर्षांचे आहेत. 65 च्या पुढे मासेमारीचं लायसन्स लागत नाही ना?

लागतं. ती सूट कॅनडात राहणाऱ्यांना आहे, पाहुण्यांना नाही. बाबांसाठी अनिवासी लायसन्स काढा. मित्राने सांगितलं म्हणून गळ टाकू नका.

प्रश्न : दुकानदार साठ लूअरची, म्हणजे खोट्या आमिषांची, पेटी घ्या म्हणतो. नवशिक्याला पुरेल?

पेटी घेऊ नका. साडेसहा-सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, आठ पौंड ताण सोसणारा दोर, पाव औंसाचे जिग (वजन लावलेले गळ) आणि हिरवट-तपकिरी ट्यूबचं (मऊ, पोकळ खोट्या आमिषाचं) एक पाकीट, एवढं पुरे झालं. स्मॉलमाउथचं आवडतं खाणं म्हणजे दगडांतले क्रेफिश (गोड्या पाण्यातले, झिंग्यासारखे नांगीवाले प्राणी), आणि ट्यूब तशीच दिसते. ती तळाला जाऊ द्या. दगडाला टेकल्याचं बोटांना कळतं. मग मनगट हलकेच उचला आणि पुन्हा पडू द्या. बहुतेक वेळा मासा ती पडतानाच घेतो, म्हणून दोर ढिला सोडू नका. जिग शिशाचे नकोत, टंगस्टनचे घ्या. तळाशी तुटून राहिलेलं शिसं लून नावाचे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला काठाजवळ मोठे बास दिसतात आणि गळाला पटकन लागतात. आम्ही फोटो काढून लगेच सोडतो. त्यात काय बिघडलं?

बरंच बिघडतं. हा प्रश्न मला दर वर्षी येतो.

पाणी साधारण 15-16 अंशांवर गेलं की नर शेपटीने गाळ झाडून खडीवर गोल घरटं करतो. वरून पाहिलं तर काळपट तळावर थाळीसारखा उजळ गोल दिसतो. मादी अंडी घालून निघून जाते. मागे नर एकटा राहतो. अंड्यांवर परांनी पाणी घालत राहतो, नंतर पिल्लांना राखतो, आणि हे कित्येक दिवस चालतं. या काळात तो फारसं खात नाही. तुमची ट्यूब तो भुकेपोटी उचलत नाही, घरट्यात काहीतरी घुसलं म्हणून उचलतो. म्हणून तर तो 'पटकन लागतो'.

एकदा कनूतून बघत होतो. शेजारच्या बोटीने असाच एक नर वर घेतला. फोटो निघेपर्यंत रॉक बास आणि पर्च हे दुसरे मासे घरट्यात शिरून अंडी टिपत होते. नर परतला, तरी दमलेला नर कधी कधी घरटं सोडूनच देतो. मासा जिवंत सोडला, पण त्याची पिढी गेली.

'सीझन उघडा आहे' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ऑन्टारियोत मासेमारीचे 20 विभाग आहेत आणि तारखा विभागानुसार ठरतात. उत्तरेच्या काही विभागांत बास वर्षभर खुला असतो, म्हणजे घरट्याच्या दिवसांतही. तेव्हा उजळ गोल दिसला की वल्हं मारा आणि पुढे जा. तुमच्या विभागाचे चालू नियम प्रांताच्या पुस्तिकेत पाहा. शंका असेल तर नैसर्गिक संसाधन मंत्रालयाला फोन करा, कॉटेजच्या मालकाला नव्हे.

प्रश्न : टोरंटोहून जिवंत मिनो (आमिषाचे छोटे मासे) घेऊन अल्गॉनक्विन पार्कला जाऊ का?

नाही. त्या पार्कात जिवंत मासे आमिष म्हणून वापरायलाच नव्हे, जवळ बाळगायलाही बंदी आहे. इतरत्रही आमिषाच्या माशांसाठी वेगळे विभाग आखलेले आहेत, आणि ते मासे एका विभागातून दुसऱ्यात सहसा नेता येत नाहीत. क्रेफिश ज्या तळ्यात पकडला, त्याच तळ्यात वापरायचा.

प्रश्न : पकडलेला बास बायको खाऊ शकते का? ती गरोदर आहे. हळद-मीठ लावून, रवा लावून तळला की पारा जातो असं ऐकलंय.

जात नाही. पारा माशाच्या मांसात मुरलेला असतो, तो तळून किंवा धुऊन निघत नाही. मासा जेवढा मोठा आणि म्हातारा, तेवढा पारा जास्त. प्रांत सरकारच्या मासे खाण्याच्या मार्गदर्शिकेत तळ्यानुसार आणि लांबीनुसार महिन्याला किती वेळा खावं ते दिलेलं असतं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळा रकाना आहे. तो बघा आणि ताटात वाढण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारा. याच पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, की चार दिवसांपूर्वी गळ तुमच्याच बोटात रुतला होता आणि आता बोट सुजलंय. चार दिवस थांबलात कशाला? आजच दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते त्यांना सांगा.