'गिरी' या जपानी शब्दाला मराठीत काय म्हणावे?

जपानी नाटकांचे इंग्रजीवरून मराठी भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'गिरी' या शब्दासाठी 'कर्तव्य' लिहावे की 'धर्म'. माझ्या मते दोन्ही टाळावेत. 'कर्तव्य' हा शब्द जपानीतल्या 'गिमु'ला अधिक जवळचा आहे; कायद्याने किंवा पदामुळे येणारे बंधन ते गिमु, आणि म्हणूनच सक्तीच्या शिक्षणाला तिकडे 'गिमु क्योइकु' म्हणतात. 'धर्म' म्हटले की स्वधर्म, कुळधर्म आणि गीतेतला अर्जुन असे सगळेच आपल्या वाचकाच्या मनात उभे राहते. 'गिरी' हे बहुधा एका माणसाचे दुसऱ्या ठरावीक माणसाशी असलेले देणे असते.

चिकामात्सु मोन्झाएमोन (१६५३–१७२५) याच्या, ओसाकात १७२१ साली बाहुल्यांच्या रंगभूमीवर आलेल्या 'शिन्जू तेन नो आमिजिमा' या नाटकात हे फार स्पष्ट दिसते. कागदाचा व्यापारी जिहेई कोहारू नावाच्या गणिकेत गुंतला आहे, आणि दोघांनी एकत्र जीव द्यायचे ठरवले आहे. त्याची पत्नी ओसान कोहारूला गुपचूप पत्र लिहून नवऱ्याचा जीव वाचवण्याची विनवणी करते, आणि कोहारू त्या पत्राचा मान राखून, मन मारून त्याला दूर लोटते. पुढे कोहारू जीव देणार हे ओसानच्या लक्षात येते, तेव्हा तिला सोडवून आणण्यासाठी ती जपून ठेवलेले पैसे काढते आणि स्वतःचे व मुलांचे कपडेसुद्धा गहाण टाकायला बांधते. सवत घरात येईल हे तिला कळत असते. दोन स्त्रियांमधल्या या देण्यालाच नाटकात गिरी म्हटले आहे. इथे 'ओसानने कर्तव्य केले' असे लिहिले, तर ते पत्नीचे कर्तव्य वाटेल आणि प्रसंगाचा अर्थ थेट उलटा होईल.

मराठीत या भावनेला एकच नाम नाही, पण क्रियापद उत्तम आहे : जागणे. आपण शब्दाला जागतो, उपकाराला जागतो. 'कोहारू शब्दाला जागली, आता मला तिच्या त्यागाला जागले पाहिजे' या वाक्यात ओसान जिवंत होते. ('मिठाला जागणे' मात्र इथे नको, कारण त्यात धनी आणि चाकर येतात.) 'भीड' हा शब्दही सुचतो, आणि लोक काय म्हणतील हा गिरीतला पदर त्यात नेमका येतो, परंतु भिडेला आपण दुबळेपणा मानतो, तर चिकामात्सुचा प्रेक्षक गिरी पाळणाऱ्यापुढे नतमस्तक होत असे.

'ओन' हा शब्द यापासून वेगळा राखावा. ओन म्हणजे आपल्यावर झालेले उपकार, आणि 'ओनगाएशी' म्हणजे उतराई होणे. ओन, गिमु आणि गिरी या तिन्हींना इंग्रजीतून येताना एकच प्रतिशब्द मिळाला, तर मराठी वाचकाला सगळे जपानी सारखेच कर्तव्यकठोर दिसतात, आणि त्या समाजाच्या मूल्यांतले बारकावे अभ्यासण्याची वाटच बंद होते. म्हणून इंग्रजीत 'ड्यूटी' दिसेल तिथे मूळ शब्द कोणता आहे, हे आधी शोधून घ्यावे. शोधतानाही सावध असावे, कारण मुळात 'गिरी नो हाहा' असे आढळले, तर त्याचा अर्थ केवळ 'सासू' असू शकतो.