आयुष्मान कार्ड सगळ्यांना दिलं की देशाची आरोग्य व्यवस्था सुधारेल का?

नुसत्या कार्डाने नाही सुधारणार. 2018 ला आलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कव्हर आहे, चांगलंच आहे, पण ते अ‍ॅडमिट झाल्यावर. आमच्या सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार यांचा पैसा जातो कुठे तर शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या, रक्त तपासण्या आणि डॉक्टरची फी यात, आणि त्याला कार्ड चालत नाही. मग गोळ्या मधेच बंद होतात, किडनी जाते, आणि तेव्हा कुठे योजनेत बसतं सगळं. उलटंच की ओ!

माझ्या मते आधी वॉर्डातला दवाखाना नीट करा, डॉक्टर रोज हजर आणि औषध तिथंच मिळालं पाहिजे. तामिळनाडूने 1994 साली औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, एकत्र टेंडर, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, म्हणजे जमतं हो, फक्त करायचं असलं पाहिजे. इथल्या सिव्हिलला धाराशिवपासून कर्नाटकातल्या इंडीपर्यंतचे पेशंट येतात, कारण जवळ भरवशाचं काही नाही.

पैशाचं म्हणाल तर 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करायचं लिहिलंय, तिथवर काय पोचलो नाही. आणि देशाच्या आरोग्य व्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांचं 1946 मध्येच सांगून ठेवलंय, नवीन समिती कशाला पाहिजे?