गणित सुटून दोन वर्षे झाली, आता प्लेसमेंट टेस्टचे काय?

अमेरिकेतील एका विद्यापीठात मानसशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश निश्चित झालेली एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर माझ्याकडे आली, ती अगदी रडवेली होऊन. अकरावी-बारावीला तिने गणित घेतलेले नव्हते आणि विद्यापीठाने मात्र वर्ग सुरू होण्यापूर्वी गणिताची ऑनलाइन प्लेसमेंट टेस्ट द्यायला सांगितले होते. "मॅडम, कमी गुण पडले तर प्रवेश रद्द होईल का?" हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच.

प्रवेश रद्द होत नाही. ही चाचणी प्रवेश मिळाल्यानंतरची असते आणि विद्यार्थ्याने बीजगणितापासून सुरुवात करावी, प्रीकॅल्क्युलसपासून (म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या तयारीच्या गणितापासून) की थेट कॅल्क्युलसपासून (कलनशास्त्रापासून), एवढेच तिच्यावरून ठरते. अर्थात, फार खालून सुरुवात केल्यास एखादे सत्र वाढू शकते आणि अगदी प्राथमिक वर्गाचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पुष्कळदा पदवीत धरले जात नाही, म्हणजे शुल्क मात्र भरावे लागते. हे मी पालकांपासून लपवत नाही.

तिला अ‍ॅलेक्स ही चाचणी द्यायची होती. तीत जास्तीत जास्त 30 प्रश्न असतात, आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडला जातो आणि निकाल 0 ते 100 मध्ये मिळतो. बहुतेक उत्तरे स्वतः भरावी लागत असल्याने ठोकताळ्याने भागत नाही. येत नसेल तर 'माहीत नाही' असे सांगण्याची सोय आहे. वडील म्हणाले, "मी शेजारी बसतो, माझं गणित चांगलं आहे." मी त्यांना विचारले, की सत्र सुरू झाल्यावर वर्गातही तुम्हीच बसणार का? पहिल्या प्रयत्नानंतर जो सराव उघडतो, तो त्याच प्रयत्नात दिसलेल्या उणिवांवरून आखलेला असतो. उत्तरे वडिलांची असतील, तर सरावही वडिलांसाठीच आखला जाईल.

पहिला प्रयत्न तिने एकटीने दिला आणि गुण तिशीच्या आसपास अडले. पुढच्या भेटीत मी तिची वही पाहिली. 'एक छेद क्ष अधिक एक छेद दोन' याचे उत्तर तिने 'दोन छेद, क्ष अधिक दोन' असे लिहिले होते. मी तिला क्षच्या जागी दोन ठेवायला सांगितले. डावीकडे अर्धा आणि अर्धा मिळून एक आला, उजवीकडे दोन छेद चार, म्हणजे नुसता अर्धा. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मला बीजगणित नाही, अपूर्णांकच येत नाहीत!" निदान तिने स्वतःच केले होते.

त्यानंतरचे तीन आठवडे अपूर्णांक, ऋण संख्या आणि घातांक यांतच गेले. समीकरणे त्यानंतर आली. प्रत्येक उदाहरण आधी कागदावर सोडवायचे आणि मग पडद्यावर टंकायचे, कारण अंश-छेदाच्या चौकटी भरताना एखादा कंस राहिला तरी बरोबर आलेले उत्तर चूक ठरते.

दुसऱ्या प्रयत्नात सांख्यिकीच्या वर्गाला पुरतील एवढे गुण मिळाले, पण प्रीकॅल्क्युलस थोडक्यात हुकले. तिसरा प्रयत्न द्यावा, असा वडिलांचा आग्रह होता. आम्ही तिघांनी मिळून तिच्या अभ्यासक्रमाची यादी पाहिली. तीत गणिताचा असा एकच वर्ग होता, आणि तो सांख्यिकीचा होता. तिसरा प्रयत्न न देण्याचे आम्ही तिथेच ठरवले.