जुना दावा आधी मागे घेऊ नका

प्रश्न : मी ३६ वर्षांची, सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. २०२१च्या दिवाळीपासून मुलीला घेऊन माहेरी राहते. २०२२मध्ये नवऱ्यानं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, मी छळ करते असं म्हणून घटस्फोटाचा दावा लावला. त्याच वर्षी मी साताऱ्यात ४९८-अची, म्हणजे सासरच्या छळाची, फिर्याद दिली. घटस्फोटाच्या दाव्यात मला दरमहा अंतरिम पोटगी मंजूर झाली आहे. ती कधी येते, कधी थकते. आता दोघंही तारखांना कंटाळलोय. नवरा म्हणतो, "मी माझी केस काढून घेतो, तू तुझी काढ, मग संमतीनं नवा अर्ज करू." एकरकमी १८ लाख द्यायला तो तयार आहे. पुण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्ज चालू आहे, फ्लॅट त्यानं ठेवायचा असं बोलणं झालंय. वडील म्हणतात, सही केलीस तर त्याचे सगळे आरोप कबूल केल्यासारखं होईल. आणि आम्हाला पुन्हा सहा महिने थांबावं लागेल का? मुलगी तिसरीत आहे.

उत्तर : ताई, संमतीनं मोकळं व्हायचा तुमचा विचार योग्य आहे. पण नवऱ्यानं सुचवलेला क्रम तुमच्या तोट्याचा आहे. तो मुद्दाम फसवतोय असं मी म्हणत नाही, पुष्कळ लोकांना तसंच करावं लागतं असं वाटतं. मात्र तुमची अंतरिम पोटगी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४खाली, चालू दाव्याच्या आधारावर मिळालेली आहे. दावा निघाला की पुढची पोटगीही थांबते. उद्या नव्या अर्जावर सही करायला तो आलाच नाही, तर तुमच्या हातात फक्त मागची थकबाकी उरेल.

दावा मागे घेण्याची गरजच नाही. चालू असलेला कलम १३चा, म्हणजे एकानं दुसऱ्यावर लावलेला, दावा कलम १३-बमध्ये, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटात, बदलून घेता येतो. दोघांनी मिळून, दोघांच्या सह्यांनी, त्याच न्यायालयात अर्ज द्यायचा की आमच्यात तडजोड झाली आहे, हा दावा परस्पर संमतीचा समजावा. मग मूळ याचिकेत दुरुस्ती होते आणि एकट्या नवऱ्याचा दावा दोघांचा होतो. सोबत तडजोडीच्या अटी, ज्याला कोर्टात सगळे कन्सेंट टर्म्स म्हणतात, त्या दाखल होतात. पुरावा सुरू झालेला असला, उलटतपासणी अर्ध्यावर असली, तरी हे करता येतं. घटस्फोटाचं अपील उच्च न्यायालयात चालू असतानाही अशी तडजोड करता येते.

वडिलांना सांगा, संमतीच्या घटस्फोटात कोणाचाच दोष सिद्ध होत नाही. न्यायालय एवढंच पाहतं की तुम्ही वर्षभराहून जास्त वेगळे राहत आहात, एकत्र राहणं शक्य नाही, आणि संमती दबावाखाली किंवा फसवून घेतलेली नाही. तरी अटींमध्ये एक स्पष्ट वाक्य घाला : 'दोन्ही पक्षांनी एकमेकांवर केलेले सर्व आरोप मागे घेतले आहेत.' वडिलांची काळजी त्यानं मिटेल, आणि तुमच्या मुलीनं मोठेपणी ही कागदपत्रं वाचली तर तिलाही ते वाक्य दिसेल.

सहा महिन्यांचं म्हणाल, तर कायद्यात संयुक्त अर्ज दिल्यापासून किमान सहा आणि जास्तीत जास्त अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं असतं. पण १२ सप्टेंबर २०१७ रोजी अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहा महिन्यांची अट प्रत्येक प्रकरणात बंधनकारक नाही. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहून झालं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील, पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकीचे वाद खरोखर मिटले असतील, आणि थांबण्यानं फक्त यातनाच वाढणार असतील, तर कौटुंबिक न्यायालय ती मुदत माफ करू शकतं. माफीचा अर्ज संयुक्त अर्जानंतर आठवड्याभरानं देता येतो. तुमचं दीड वर्ष कधीच उलटलं आहे. अंतिम निर्णय न्यायाधीशांचा, पण अर्ज जरूर द्या. 'बाकीचे वाद मिटले असतील' या अटीवरच बहुतेक अर्ज अडतात. म्हणून खरं काम अटी लिहिण्याचं आहे. तिथे घाई करू नका.

आधी पैसे. 'एकरकमी' म्हणजे कधी, हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि त्यावरूनच पुढे भांडणं होतात. मी माझ्या पक्षकारांना टप्पे पाडायला सांगते. पहिला हप्ता संयुक्त अर्ज दाखल होताना, दुसरा ४९८-अ रद्द करण्याच्या वेळी, उरलेला हुकूमनाम्याच्या, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाच्या, दिवशी न्यायाधीशांसमोर, तिन्ही डिमांड ड्राफ्टनं. रोख रक्कम घेऊ नका. पोटगीची आजवरची थकबाकी या १८ लाखांत धरली आहे की वेगळी, तेही लिहा. तुम्ही पत्रात सांगितलेलं नाही, म्हणजे तुमच्या दोघांतही ते बोललं गेलं नसावं.

४९८-अ तुमच्या सहीनं 'काढून' घेता येत नाही. महाराष्ट्रात हा गुन्हा आपसांत मिटवण्याजोगा नाही. तडजोड झाल्यावर फिर्याद रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात द्यावा लागतो आणि तुम्हाला संमतीचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. साताऱ्याची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५पासून सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईचा हेलपाटा वाचेल. पहिला हप्ता हातात आल्याशिवाय प्रतिज्ञापत्रावर सही नको.

फ्लॅटबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुम्ही हक्क सोडलात तरी कर्जातून सुटत नाही. बँक तुमच्या तडजोडीत पक्षकार नाही. तिच्या लेखी तुम्ही दोघंही कर्जदारच. वर्षभरानं त्यानं हप्ते थकवले तर बँकेचं पत्र तुमच्या शाळेच्या पत्त्यावर येईल. म्हणून आधी त्यानं कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यावं किंवा फेडावं, बँकेनं तुमचं नाव वगळल्याचं लेखी द्यावं, मग तुम्ही नोंदणीकृत दस्त करावा. एक बारकावा : महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र पती-पत्नीमध्ये असेल तर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. हुकूमनामा झाला की तुम्ही पती-पत्नी राहत नाही. त्यामुळे दस्त संयुक्त अर्ज आणि हुकूमनामा यांच्या मधल्या काळात बसवा. मात्र बँकेचं पत्र आणि तोवरचे हप्ते हातात असतील तरच.

मुलगी. 'मुलीसाठी पुढे काहीही मागणार नाही' असं वाक्य समोरचे वकील हमखास घालतात. खोडायला लावा. तुम्ही स्वतःची पोटगी सोडू शकता, तिचा हक्क तुम्हाला सोडता येत नाही. शाळेची फी, दवाखाना, पुढचं शिक्षण यांतला त्याचा वाटा वेगळा लिहा. ताबा तुमच्याकडे असेल तर भेटीही नीट लिहा : कोणते शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, मे महिन्यात किती दिवस, पासपोर्टसाठी सही कोण करणार. 'परस्पर सोयीनं' हे शब्द नकोत; ज्यांची सोय जुळत नाही म्हणून ही वेळ आली, त्यांच्याकडून ती अपेक्षा कशाला? तिच्याबद्दलच्या अटी पुढे परिस्थिती बदलली तर कलम २६खाली न्यायालयाकडून बदलून घेता येतात. बाकीच्या अटींचं तसं नाही. दोघांच्या संमतीनं दिलेल्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार अपीलच नसतं. सहीआधी सगळा मसुदा घरी नेऊन, भाऊ-वडिलांसोबत दोनदा वाचा. स्त्रीधनाच्या दागिन्यांची यादी राहिली असेल तर तीही जोडा.

प्रश्न : माझ्या बहिणीनं चालू दावा बिनशर्त मागे घेऊन नवऱ्याबरोबर संमतीचा अर्ज दिला. सात महिने झाले, आता तो तारखेला येत नाही. अर्ध्या रकमेचा ड्राफ्ट त्यानं दिला आहे. त्याची लेखी संमती आहेच, तर न्यायालय घटस्फोट देईल का? — एक भाऊ, जळगाव

उत्तर : नाही. संमती हुकूमनाम्याच्या दिवसापर्यंत जिवंत असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१मध्ये सुरेश्ता देवी प्रकरणात आणि पुन्हा २००९मध्ये स्मृती पहाडिया प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तो गैरहजर राहिला म्हणून संमती आहे असं धरता येत नाही. त्यानं न्यायालयाला लेखी हमी दिली असेल आणि ती मोडत असेल, तर अवमानाचा अर्ज करता येईल. त्यानं त्याच्यावर दबाव येतो, संमती मात्र जबरदस्तीनं घेता येत नाही.

जुना दावा परवानगी न घेता मागे घेतला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३मुळे त्याच कारणावर पुन्हा दावा लावताना समोरचा हरकत घेईल. पण त्यानंतरच्या घटना, आणि आताचं हे वागणंही, नव्या दाव्यात मांडता येईल. अठरा महिन्यांची मुदत अजून बाकी आहे. पुढच्या तारखेला बहिणीनं स्वतः हजर राहावं, आपली संमती कायम असल्याची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन, द्यावी, आणि न्यायालयाच्या विवाह समुपदेशकांपुढे त्याला बोलावण्याची विनंती करावी. ड्राफ्टची प्रत आणि तो जमा झाल्याची बँकेची नोंद जपून ठेवा. नव्या दाव्याची कागदपत्रं मात्र आत्तापासून तयार करायला घ्या, अठरावा महिना उजाडायची वाट पाहू नका.