आवडत नाही, तरी सुटत नाही

ऑनलाइन खेळ वर्षानुवर्षं खेळणाऱ्या मोठ्या माणसांकडून एक प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात सारखा येतो: "मला आता तो खेळ आवडत नाही, रोज त्याला शिव्या घालतो, पण सोडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. हे व्यसन आहे का?" शाळकरी मुलांच्या मोबाइलची काळजी हा वेगळा विषय आहे. इथे विचारणारा माणूस कमावता असतो, स्वतःच्या पैशांनी खेळतो आणि त्याला माझ्याकडे कुणी ओढून आणलेलं नसतं. हा खेळ आपल्याला हवाय की नको, हेच त्याला कळेनासं झालेलं असतं.

अशाच एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय बत्तीस. विक्रोळीला कन्नमवार नगरात आई आणि ती, दोघीच राहतात. नोकरी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, बॅक ऑफिसची. खेळ 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये आणलेला हा खेळ. एक अवाढव्य काल्पनिक जग, त्यात एकाच वेळी हजारो माणसं, प्रत्येकाचं आपलं एक पात्र. महिन्याची वर्गणी भरून खेळायचं. २०१० मध्ये वर्गणीदारांचा आकडा १ कोटी २० लाखांवर गेला होता. या खेळाला शेवट नाही. साधारण दर दोन वर्षांनी नवा भाग येतो, तोवर घाम गाळून मिळवलेली शस्त्रं-चिलखतं जुनी होतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ती माझ्याकडे आली ती लोकलमुळे. सकाळच्या स्लो गाडीत बसायला मिळालं, डोळा लागला, कुर्ला कधी गेलं कळलंच नाही आणि जाग आली ती दादरला. एकाच आठवड्यात दोनदा. दुसऱ्या वेळी मॅनेजरने सगळ्यांसमोर ऐकवलं.

झोप का होत नव्हती ते उघड होतं. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही, ती युरोपच्या सर्व्हरवर खेळते. तिची गिल्ड, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांचा गट, स्वीडन, पोलंड, जर्मनी अशा देशांतल्या लोकांची. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, की आपल्याकडे साडेबारा. तीन तासांची रेड, म्हणजे मोठी सांघिक लढाई, संपेपर्यंत साडेतीन. आठवड्यातून तीन रात्री. त्यात पहाटे पाचला पाणी येतं, आईला गुडघ्यांमुळे बादल्या उचलवत नाहीत, म्हणून बऱ्याचदा ती पाणी भरूनच आडवी व्हायची.

पहिल्या भेटीत तिने खेळाच्या नुसत्या तक्रारी केल्या. रोजची तीच ती ठरलेली कामं. युरोपात दर बुधवारी खेळाचा आठवडा नव्याने सुरू होतो आणि 'ग्रेट व्हॉल्ट' नावाची तिजोरी उघडते. आदल्या आठवड्यात जेवढं खेळलात तेवढे पर्याय तिच्यात दिसतात, जास्तीत जास्त नऊ. त्यातली एकच वस्तू उचलायची. हवी ती निघेलच असं नाही. नाही निघाली की पुढच्या बुधवारची वाट बघायची. "मॅडम, नुसती हमाली आहे. ऑफिसातून सुटायचं आणि घरी येऊन दुसरी शिफ्ट लावायची."

मी म्हटलं, "तुम्ही लढाईत नेमकं काय करता ते मला दाखवा."

तिने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला आणि तिचा आवाजच बदलला. पडद्यावर कुठलासा प्रचंड राक्षस, आगीचे लोळ, चहूकडून रंगांचा मारा. माझी नजर साहजिकच राक्षसाकडे. ती म्हणाली, "त्याच्याकडे मी बघतच नाही. हे बघा." पडद्याच्या खालच्या बाजूला छोट्या छोट्या वीस चौकटी होत्या. एकेक चौकट म्हणजे एकेक माणूस, आणि चौकटीतला रंग म्हणजे त्याचा जीव. ती हीलर, म्हणजे साथीदारांचा जीव भरून काढणारी. कुणाचा रंग उतरतोय, आधी कुणाला वाचवायचं, कुणाला दोन सेकंद थांबवता येईल, हे तिने ठरवायचं आणि माइकवर बोलायचं. सर्वांत अवघड पातळीवर बरोब्बर वीस जण लागतात. एकाची चूक झाली तरी सगळे मरू शकतात. त्याला वाइप म्हणतात. वाइप झाला की परत उभं राहायचं, परत तीच लढाई. एकेका राक्षसासाठी आठवडेच्या आठवडे जातात.

ती ऑफिसात कशी असते, असं मी विचारलं. "तिथे माझं कोण ऐकतंय? मीटिंगमध्ये मी मिनिट्स लिहिते."

मला वाटतं, अशा माणसाला 'खेळ काढून टाक' असं सांगणाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्यायला हवं. एकोणीस माणसं जिच्या शब्दावर हलतात अशी या मुलीच्या आयुष्यातली ती एकच जागा होती. शिवाय २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिचे बाबा गेले. घरी कुणी येऊ शकत नव्हतं, ती कुणाकडे जाऊ शकत नव्हती. त्या रात्री गिल्डमधली तीन-चार माणसं डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर पहाटेपर्यंत तिच्यासोबत थांबली. खेळ बंद, माइक चालू, मधूनमधून कुणीतरी बोलायचं. त्या माणसांना तिने आजवर पाहिलेलं नाही. असं नातं 'खोटं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण दुसरी बाजूही तिनेच सांगितली, चौथ्या की पाचव्या भेटीत, जरा शरमून. जुलैतल्या एका मुसळधार पावसाच्या रात्री ऐन लढाईत नेट गेलं. "मॅडम, स्क्रीन थांबली आणि मला इतकं बरं वाटलं! वाटलं, सुटले." मग काय केलंत? "दहा मिनिटांनी शेजारच्या दादांना उठवून हॉटस्पॉट मागितला."

त्या दहा मिनिटांवर आम्ही पुढे खूप बोललो. सुटका कशापासून वाटली आणि ओढ कशाची लागली? दोन्ही खरं होतं. पण दोन्हींचा रोख एकाच गोष्टीकडे होता का, हे तपासायचं होतं.

आधी व्यसनाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तास मोजायला सांगितलेलं नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या कामांच्या आणि आवडींच्या आधी खेळ येऊन बसतो, नुकसान होत असूनही तो चालूच राहतो किंवा वाढतो. आणि या सगळ्यामुळे घर, नोकरी, शिक्षण, नाती यांची मोठी हानी होते. हे सहसा किमान बारा महिने दिसायला हवं, तेव्हा निदानाचा विचार होतो. तिच्या बाबतीत नोकरी टिकून होती, आईची औषधं-डॉक्टर ती बघत होती, दिवाळीत मामाकडे गेली तर आठवडाभर खेळाविना राहत होती. झोपेचं नुकसान मात्र खरं होतं आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं. तुमच्या ओळखीत कुणी नोकरी सोडून, जेवण-अंघोळ टाकून खेळत असेल, किंवा जगण्यातच रस उरला नाही असं म्हणत असेल, तर तिथे घरगुती उपाय करत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

तिच्यासाठी मी वही सुचवली. तास लिहायचे नाहीत. लॉगइन करण्याआधी एक ओळ: कशासाठी बसतेय. उठल्यावर एक ओळ: काय मिळालं. निक यी या संशोधकाने २००६ साली अशा खेळांमागच्या प्रेरणा तीन गटांत मांडल्या होत्या: काहीतरी कमावणं, माणसांत असणं, त्या जगात रमून जाणं. ही विभागणी मला कामाला येते, कारण माणूस 'खेळ' या एकाच शब्दात हे तिन्ही कोंबून टाकतो आणि मग एकदम सगळं आवडतं किंवा एकदम सगळं नकोसं होतं.

वही भरत गेली. एकटीने करायच्या रोजच्या कामांपुढे जवळजवळ सगळीकडे एकच उत्तर: 'मागे पडू नये म्हणून'. आणि उठताना: 'काही नाही'. रेडच्या रात्रींपुढे कधी 'मजा आली', कधी 'वैताग'. एक नोंद मला अजून आठवते: 'राक्षस पडला नाही. पण नंतर अर्धा तास गप्पा. हसून पोट दुखलं.' मागे पडायची भीती तिला कंपनीच्या तिजोरीने लावली होती. माणसांची ओढ तिची स्वतःची होती.

याच सुमाराला तिच्या डोक्यात आलं की जुन्या आवृत्तीत जावं. ही तक्रार तिच्या एकटीची नाही. असंख्य खेळाडू म्हणत होते की आधीचा खेळ बरा होता, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने खरोखरच जुन्या रूपातला 'क्लासिक' आणला. मी तिला अडवलं नाही. दोन शनिवार खेळून आली आणि म्हणाली, "छान आहे, पण तिथे माझं कुणी नाही."

मग आईंना बोलावलं. त्यांच्या मनात दोन भीती होत्या. एक, मुलगी पैसे लावून खेळते; २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली हे त्यांनी बातम्यांत ऐकलं होतं. हा त्यातला खेळ नाही, वर्गणी भरून खेळायचा आहे, हे सांगितल्यावर ती भीती लगेच गेली. दुसरी भीती त्यांनी मुलीकडे न बघता मला विचारली. "रात्री दोन-दोन वाजता स्वयंपाकघरात कुणाशी तरी इंग्रजीत हसत असते. मॅडम, त्यात कोणी आहे का?" मुलीने कपाळावर हात मारला. "आई, असं कोणी नाहीये गं." मग तिने त्या वीस चौकटी आईला दाखवल्या. आईंनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यांना माहितीये का, तुझ्याकडे किती वाजलेत ते?"

गिल्डला ते धड माहीतच नव्हतं. कुरकुर नको म्हणून तिने कधी सांगितलंच नव्हतं.

तिने गिल्डच्या प्रमुखाला निरोप लिहिला. तो आम्ही इथे बसून दोनदा वाचला, कारण पहिल्या मसुद्यात तिने चार वेळा माफी मागितली होती. कामाच्या दिवसांत मला जमणार नाही, शनिवारची रेड असेल तर मी आहे, एवढंच ठेवलं. उत्तर प्रेमाने आलं, पण तिला हवं ते आलं नाही. सर्वांत अवघड पातळीच्या गटातली तिची जागा दुसऱ्या हीलरला मिळाली. शनिवारी थोड्या सोप्या पातळीवर एक गट खेळतो, त्यात तिला घेतलं. ती माझ्यासमोर रडली. घरच्यांना वाटतं, खेळातली जागा गेली तर त्यात रडण्यासारखं काय आहे? चार वर्षं कष्टाने मिळवलेला हुद्दा गेला होता. ऑफिसातली टीम हातातून गेली असती तर सगळ्यांनी तिची समजूत काढली असती. मी तिला घाईने बरं वाटायला लावलं नाही. पुढचे काही आठवडे त्या दुःखावरच काम केलं.

रोजची कामं मात्र तिने पहिल्याच आठवड्यात टाकली. तिजोरीत काय निघालं हे बघायचा मोह बुधवारी व्हायचा, अजून होतो. बुधवारी संध्याकाळी ती आता आईबरोबर भाजी आणायला बाजारात जाते. चार रात्री सलग सात तास झोप झाली तेव्हा तिने मला मेसेज केला होता. ऑफिसात महिनाअखेरच्या हिशेबांचा ताळमेळ लावायचं काम कुणी घ्यायला तयार नव्हतं, ते तिने मागून घेतलं. हाताखाली तीन जण आहेत. ते बेताचंच चाललंय, असं ती म्हणते.

अशा खेळाडूंना मी एक गोष्ट आग्रहाने सांगते. भांडणाच्या किंवा वैतागाच्या रात्री खेळ काढून टाकू नका. तो आठवड्याभरात परत येतो आणि वर अपराधी वाटतं. आधी झोप ताळ्यावर आणा, मग शांतपणे बघा की यातलं तुमचं काय आहे. काही जणांचं त्यात काहीच उरलेलं नसतं, आणि ते सहज सोडतात. तिचं होतं.

ती शनिवारी खेळते. वर्गणी चालू आहे. नवा पॅच, म्हणजे खेळातली नवी भर, आला की गटात धावपळ सुरू होते, सगळे रोज बसायला लागतात आणि तिलाही ओढ लागणार, हे आम्ही दोघींनी धरून ठेवलंय. त्या आठवड्यात तिने वही घेऊन एकदा येऊन जायचं ठरलंय.